दगड न वितळता बदलतो म्हणजे नेमकं काय होतं? आणि पुण्याजवळ रूपांतरित खडक कुठे दाखवू?

अवनी_कोथरूड | ७ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. चिरंजीव यंदा सहावीत. भूगोलात खडकांचे प्रकार सुरू आहेत. अग्निज पटकन समजला, खिडकीतून टेकडी दिसते. गाळाचा समजला, कारण पावसाळ्यात मुठेचा रंग रोज बघतो. गाडी अडली ती रूपांतरित खडकावर. वहीत एकच वाक्य आहे: "प्रचंड उष्णता व दाब यांमुळे मूळ खडकाचे स्वरूप बदलून रूपांतरित खडक तयार होतात." खाली तक्ता. ग्रॅनाईटचा नीस, चुनखडकाचा संगमरवर, वालुकाश्माचा क्वार्टझाईट, शेलची स्लेट, कोळशाचा हिरा. संपलं.

त्याचे तीन प्रश्न जसेच्या तसे देते.

१. प्रचंड उष्णता आहे तर दगड वितळत का नाही? आणि वितळला तर तो परत अग्निजच झाला ना?
२. आपल्याकडे एवढा बेसाल्ट एकावर एक रचलाय. खालच्यावर वरच्याचा दाब आहे. मग तो का नाही बदलला?
३. मला एक तरी दाखव. हात लावून बघायचाय.

तिसऱ्या प्रश्नावर मी ओट्याखालच्या कडप्प्याकडे बोट दाखवलं. बरोबर केलं का? आणि रविवारी गाडी काढून दीड-दोन तासांत जाऊन येण्यासारखं काही आहे का?

मीच_पहिला | ७ जुलै, रात्री ९:४३

मीच पहिला. दगडांचा विषय निघाला की लहानपणी सरांनी माझ्या डोक्याबद्दल काढलेले उद्गार आठवतात. चालू द्या.

फरशीवाला | ७ जुलै, रात्री १०:०५

अवनीताई, कडप्पा चुकला. आमचं फरशीचं दुकान आहे, वडिलांपासून. काळा कडप्पा, शहाबादी, कोटा हे तिन्ही चुनखडीतले दगड, म्हणजे तुमच्या वहीप्रमाणे गाळाचे. थरांनी निघतात म्हणून तर फरशी पाडायला सोप्या. लिंबू पिळून बघा, डाग पडतो. कटिंगवाला पोरगा सुद्धा सांगेल.

रूपांतरित हवा असेल तर देवघरातला संगमरवर बघा. पांढरा मकराना असेल तर ताजमहालाचा सख्खा भाऊ.

हातोडी_भिंग | ७ जुलै, रात्री ११:२०

फरशीवाल्यांना अनुमोदन. मी भूशास्त्रात शिकले, बरीच वर्षं फील्डमधे हिंडले, आता गुडघे घरी बसवतात. त्यामुळे जरा लांबण लावते.

मुलाचा पहिला प्रश्न फार चांगला आहे. सगळा घोळ 'प्रचंड' या शब्दाने घातलाय. प्रचंड म्हणजे किती ते कुणी सांगत नाही. जमिनीत खाली जाताना दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान वाढतं. चिकणमातीच्या खडकात बदल सुरू होतात ते दीडशे-दोनशे अंशांच्या पुढे. वरची हद्द सातशे-आठशे, काही कोरड्या खडकांत त्याच्याही वर. आणि बेसाल्टचा लाव्हा असतो अकराशे अंशांच्या आसपास. म्हणजे मधे एक भली रुंद पट्टी आहे, जिथे दगड चांगला तापलाय पण घट्टच आहे. या पट्टीत जे घडतं ते रूपांतरण.

आता घट्ट राहून बदलायचं कसं? तापल्यावर खनिजातले अणू जागा सोडायला लागतात. कणांच्या सांध्यांत पाण्याचा अगदी पातळ पदर असतो, तो हमाली करतो: इथलं उचल, तिथं टाक. जुनी खनिजं त्या परिस्थितीत टिकत नाहीत, त्यांच्याच मालातून नवी वाढतात. दगडातला माल बहुतेक तोच, मांडणी नवी. फ्रीजरमधे चार महिने विसरलेलं आइस्क्रीम आठवा. ते वितळलं नव्हतं, तरी खाताना कचकच लागते, कारण बर्फाचे बारीक कण जाऊन मोठे झालेले असतात. चुनखडकाचा संगमरवर होतो तो बराचसा असाच. कॅल्साइट म्हणजे चुनखडकातलं मुख्य खनिज, त्याच्या बारीक कणांचे मोठे, एकमेकांत घट्ट बसलेले कण होतात. म्हणून फोडलेला संगमरवर साखरेसारखा चकाकतो.

साजूक_तूप | ८ जुलै, सकाळी ७:५०

मस्त समजावलंत. म्हणजे आमच्या घरी तूप कढवून हळूहळू थंड केलं की कणीदार होतं, तसंच ना?

हातोडी_भिंग | ८ जुलै, सकाळी ८:३०

उदाहरण सुंदर, पण खडक चुकला. तूप आधी वितळलेलं होतं, मग थंड होताना रवा धरला. तो अग्निज. सावकाश थंड झाला तर कण मोठे, म्हणून ग्रॅनाईट भरड. झटकन थंड झाला तर बारीक, म्हणून आपला बेसाल्ट. रूपांतरित तूप हवं असेल तर बरणी बंद करून न वितळवता कोमट जागी महिनोन्महिने ठेवावी लागेल. घरचे तेवढे थांबणार आहेत का?

साजूक_तूप | ८ जुलै, सकाळी ८:३२

आमच्याकडे तूप आठवडाभर टिकत नाही. रद्द.

घाटवाटा | ८ जुलै, सकाळी १०:१५

दाबाबद्दल कुणी बोललं नाही. नीसमधे ते काळे-पांढरे पट्टे दाबामुळेच पडतात ना?

आणि एक शंका. सह्याद्रीत चढताना दोन कातळांच्या मधे लाल मातीचा पट्टा दिसतो. आमचा एक लीडर दरवेळी सांगतो की वरचा लाव्हा आला आणि खालची माती भाजून लाल झाली. हा रूपांतरित धरायचा का? असेल तर अवनीला पुण्याहून तासाभरात दाखवता येईल.

हातोडी_भिंग | ८ जुलै, दुपारी १:०२

आधी दाब. दाब दोन तऱ्हेचा. एक चहूबाजूंनी सारखा, वरच्या खडकांच्या ओझ्याचा. दहा किलोमीटर खाली तो हवेच्या दाबाच्या अडीच-पावणेतीन हजार पट असतो. त्याने दगड दाटतो, पण पट्टे पडत नाहीत. दुसरा एकाच दिशेने रेटणारा, भूखंड एकमेकांवर आदळतात तेव्हाचा. ताटलीत पोहे घ्या आणि तळव्याने दाबा. सगळे आडवे होतात. अभ्रकासारखी चपटी खनिजं तशीच रेट्याला आडवी लागतात. फरक एवढाच, की पोहे नुसते वळतात, अभ्रक मात्र त्या दिशेने नव्याने वाढतोसुद्धा. मातीच्या शेलची आधी स्लेट होते, मग रेशमी चमकेचा फायलाइट, मग अभ्रकाने लखलखणारा शिस्ट आणि शेवटी पट्ट्यांचा नीस. एकाच मातीच्या चार इयत्ता. म्हणून 'शेलची स्लेट' हे खरं असलं तरी तिथे थांबू नये, तक्त्याने पोराला बालवाडीतच सोडून दिलंय.

लाल पट्ट्याबद्दल: बराचसा भाग दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात राखेची नि बेसाल्टची झीज होऊन झालेली माती आहे. लाव्ह्याला टेकलेली वरची थोडी जाडी भाजली असेल. किती भाजली यावर आमच्यात अजून वाद चालतो. मुलाला दाखवा, पण 'हा बघ रूपांतरित खडक' असं छातीठोक सांगू नका.

जांभ्याचा_चिरा | ८ जुलै, दुपारी २:४०

ह्या सगळ्या गोष्टीत आमच्या कोकणाला कोण विचारतच नाही. आमचा जांभा बघा. बेसाल्टचाच झालाय, रंग बदलला, रूप बदललं, भोकं पडली. रूपांतरित नाही तर काय?

हातोडी_भिंग | ८ जुलै, दुपारी ३:१०

रूप बदललं खरं, पण भट्टीत जाऊन नाही, पावसात भिजून. उन्हापावसाने बेसाल्टमधली सिलिका नि इतर विरघळणारा माल धुऊन गेला, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. ते विदारण. रूपांतरण खोल होतं, हे अंगणात होतं.

पण कोकणाने रागावू नये. तुम्ही कुडाळ-सावंतवाडीकडचे असाल तर नशीबवान आहात. तिथे बेसाल्टचं पांघरूण संपतं आणि खालचे जुने नीस, शिस्ट उघडे पडतात. रेडीचं लोहखनिजही त्याच जुन्या खडकांतलं.

जांभ्याचा_चिरा | ८ जुलै, दुपारी ३:१४

मी राजापूरचा. म्हणजे थोडक्यात हुकलो.

फोंडेकार | ८ जुलै, दुपारी ४:०५

आमच्या गोव्यात वर जांभा आणि खाली फायलाइट, शिस्ट, पट्ट्यापट्ट्यांचं लोहखनिज. खाणीचा कापलेला उतार बघितला की वरून तांबडं आणि खाली गुलाबी-जांभळी-पांढरी माती दिसते. ती माती म्हणजे कुजलेला फायलाइट, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर आम्ही तिचे गणपती करत होतो.

दोनशे_वर्षे_जुना | ८ जुलै, संध्याकाळी ६:३०

एक विचारू का? हे सगळं 'दहा किलोमीटर खाली, सातशे अंश' कोणी जाऊन बघितलं? लाखो वर्षं कोण बसलं होतं तिथे? शास्त्रज्ञ आकडे फेकतात आणि आपण माना डोलवतो.

मानसरचा_पोर | ८ जुलै, संध्याकाळी ७:२२

दोनशे भाऊ, तुमच्या शंकेचं उत्तर हातोडीताई देतील. मी विदर्भाची बाजू मांडतो, कारण पुण्याच्या लोकांना वाटते महाराष्ट्र म्हणजे बेसाल्टच.

आमचे आजोबा मानसरच्या मँगनीज खाणीत होते. रामटेकच्या वाटेवर, नागपूरहून तासाभराचा रस्ता. तिथे मँगनीजसोबत एक दगड निघतो, त्याचं नावच गोंडाइट. १९०९ साली फर्मर नावाच्या इंग्रज भूशास्त्रज्ञाने मध्य प्रांतातल्या गोंड लोकांवरून ठेवलं. गारगोटी आणि मँगनीजवाला गार्नेट नावाचं खनिज असा त्याचा माल. लहानपणी आम्ही त्याचे तुकडे गोट्यांच्या बदल्यात द्यायचो. आज जगभरच्या पुस्तकात ते नाव आहे हे कळल्यावर गोट्या स्वस्तात गेल्या असं वाटते.

हे सगळे एकेकाळी समुद्रतळाचे थर होते. वाळू, चिखल, चुना, त्यात मँगनीज. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी चेपले, तापले. वाळूचा क्वार्टझाईट, चिखलाचा शिस्ट, चुन्याचा संगमरवर. अवनीताईंच्या वहीतला अर्धा तक्ता एका तालुक्यात. त्याला सौसर शिलासमूह म्हणतात. आणि भंडाऱ्याकडे कायनाइट, सिलिमनाइटच्या खाणी. कायनाइट निळा, पट्टीसारखा लांब. हातात घेतला की ठेवावासा वाटत नाही.

या एकदा. संत्र्याच्या हंगामात या.

हातोडी_भिंग | ८ जुलै, रात्री ९:४८

मानसरच्या पोराने दोनशे साहेबांचं उत्तर नकळत देऊन टाकलंय, ते असं.

कायनाइट, सिलिमनाइट आणि अँडालुसाइट या तिघांचं रासायनिक सूत्र एकच. ॲल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन, तेही त्याच प्रमाणात. पण स्फटिकाची बांधणी वेगळी. दाब कमी असला तर अँडालुसाइट, दाब जास्त असला तर कायनाइट, उष्णता जास्त असली तर सिलिमनाइट. प्रयोगशाळेत छोट्या कुपीत माल भरून, दाबून, तापवून हे पुन्हा पुन्हा तपासलंय. तिघेही एकत्र राहू शकतात तो बिंदू साधारण ५०० अंश आणि चार हजार हवेदाबांच्या आसपास. तेव्हा दगडात निळी पट्टी दिसली की तो किमान किती खोल जाऊन आला हे कळतं. दगड स्वतःच तापमापक घेऊन वर येतो. कोणी खाली जाऊन बसायची गरज नाही.

ही युक्ती पहिल्यांदा नकाशावर उतरवली स्कॉटलंडच्या डोंगरांत, १८९३ साली, जॉर्ज बॅरो यांनी. एकाच चिखलाच्या खडकात चालत गेलं तर आधी क्लोराइट, मग काळा अभ्रक, मग गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट आणि शेवटी सिलिमनाइट. क्रमाने. जसजसं पूर्वीच्या भट्टीकडे जावं तसतशी इयत्ता वाढते.

दोनशे_वर्षे_जुना | ८ जुलै, रात्री १०:१०

हे पटलं. पण मग उलटं का होत नाही? खाली गेला तेव्हा बदलला, वर आला तेव्हा परत शेल व्हायला हवा. थंड झाला ना?

फरशीवाला | ८ जुलै, रात्री १०:३१

वीट भट्टीतून काढली की परत चिखल होते का हो?

हातोडी_भिंग | ८ जुलै, रात्री १०:५५

फरशीवाल्यांनी एका ओळीत सांगितलं. चिखलाच्या खनिजांत पाणी बांधलेलं असतं. तापताना ते सुटून निघून जातं. परतीच्या वाटेवर पाणीही नाही आणि उष्णताही उतरणीला, त्यामुळे कारभार थंडावतो. पण दोनशे साहेब अगदीच चुकले नाहीत. कुठून पाणी शिरलं तर थोडं उलटं होतंही. गार्नेटच्या कडेने हिरवा क्लोराइट चढलेला मी कितीदा भिंगातून पाहिलाय. सगळंच उलटं झालं असतं तर आम्हाला खालची एकही गोष्ट कळली नसती आणि पोटापाण्यासाठी दुसरं काही शोधावं लागलं असतं.

राहूची_दशा | ९ जुलै, सकाळी ६:४०

गार्नेट म्हणजे गोमेदच ना? मला एकाने राहूसाठी चांगले पैसे घेऊन दिलाय. आणि इथे पोरं गोट्यांच्या बदल्यात देत होती!

मानसरचा_पोर | ९ जुलै, सकाळी ७:०५

गार्नेट कुळातलाच, पण घराणं वेगळं. आमचा मँगनीजवाला, तुमचा कॅल्शियमवाला. राहूला फरक कळतो की नाही माहीत नाही.

हिमालयवेडा | ९ जुलै, सकाळी ९:१२

हातोडीताईंच्या 'दगड स्वतःच तापमापक' वरून आठवलं. लडाखमधे त्सो मोरीरीच्या बाजूला जे खडक आहेत त्यात कोएसाइट नावाचं खनिज सापडलंय. ते गारगोटीचंच भावंड, पण नव्वद-शंभर किलोमीटर खोलीच्या दाबाखाली तयार होणारं. म्हणजे भारताच्या भूखंडाची पुढची कड आशियाखाली तेवढी खोल गेली आणि परत वर आली. आपण त्या तळ्याकाठी मॅगी खात होतो आणि पायाखालचा दगड एवढा प्रवास करून आलेला! तंबूत हे वाचून दाखवलं तर एकानेही मॅगीतून मान वर केली नाही.

कोळसा_उगाळावा | ९ जुलै, सकाळी ११:००

मूळ धाग्यातल्या एका गोष्टीकडे सगळ्यांनी दुर्लक्ष केलं. कोळशाचा हिरा! हे चूक आहे. कोळसा झाडांचा. जमिनीवर झाडं आली त्याला पन्नास कोटी वर्षंही झाली नाहीत. बहुतेक हिरे शंभर ते साडेतीनशे कोटी वर्षं जुने. बापाआधी पोरगा कसा? हिरे दीडशे किलोमीटरहून खोल, प्रावरणात (भूकवचाच्या खालच्या थरात) होतात आणि किंबरलाइटसारख्या ज्वालामुखी नळ्यांतून वर येतात. पन्नाच्या मझगवाँला तशीच नळी आहे. कोळसा तापला-चेपला तर त्याचा अँथ्रासाइट होईल, फार तर ग्रॅफाइट. म्हणजे पेन्सिल. अंगठी नाही.

खडूस_मास्तर | ९ जुलै, सकाळी ११:४५

तीस वर्षं भूगोल शिकवला म्हणून सांगतो. परीक्षेत 'हिरा' लिहायचं, एक मार्क घ्यायचा, घरी येऊन 'ग्रॅफाइट' म्हणायचं.

कोळसा_उगाळावा | ९ जुलै, सकाळी ११:४९

मास्तर, म्हणूनच तीस वर्षं तक्ता बदलला नाही.

खडूस_मास्तर | ९ जुलै, दुपारी १२:०२

पेपर तपासणारा मी नव्हतो हो. मी वर्गात दोन्ही सांगायचो. पोरं अंगठीच लक्षात ठेवायची.

सेंट्रलपार्कवाली | ९ जुलै, रात्री ८:२०

न्यूयॉर्कहून. इथे सेंट्रल पार्कमधे गवतातून जे काळपट चमकदार खडक वर आलेत ते मॅनहॅटन शिस्ट. साधारण ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या डोंगररांगेचा तळ, वरचा डोंगर झिजून गेला. ऊन पडलं की अभ्रक इतका चमकतो की माझी लेक त्याला 'ग्लिटरवाला दगड' म्हणते. लोक त्यावर बसून सँडविच खातात, पोरं घसरगुंडी करतात. अवनी, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. फक्त तिकीट जरा महाग.

अवनी_कोथरूड | ९ जुलै, रात्री ९:१५

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळे त्याला वाचून दाखवले. स्लेट ते नीस 'चार इयत्ता' फार आवडलं. म्हणाला, "म्हणजे नीस दहावी पास." पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही, याची त्याने आठवण करून दिलीय. बेसाल्ट का नाही बदलला?

हातोडी_भिंग | ९ जुलै, रात्री १०:४०

हो, राहिलंच. गणितच करू. दख्खनचा लाव्हा वाहिला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. घाटाकडे थर सगळ्यात जाड, तिथेही सगळे मिळून दोन किलोमीटरच्या आसपास. दर किलोमीटरला तीस अंश धरले तर तळाशी वाढ किती? साठ अंश. त्यात वरचं हवामान मिळवा. नव्वदच्या आत-बाहेर. चहासुद्धा नीट उकळणार नाही. दाबही तसाच, पाचशे-सहाशे हवेदाबांच्या घरात. आपल्याला डोंगर प्रचंड वाटतो, पृथ्वीच्या हिशेबात ते पातळ धिरडं आहे. शिवाय दोन भूखंड आदळून त्याला खाली कुणी ढकललं नाही.

बदललेला खडक मात्र त्या धिरड्याच्या खालीच आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडलं तेव्हा साधारण ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला आणि थोड्या गाळानंतर जुना नीस वगैरे लागला. कोयनेकाठी रासाटीला सुमारे ९३० मीटर बेसाल्टखाली ग्रॅनाईट-नीस. हा पाया बेसाल्ट यायच्या कितीतरी आधी, शेकडो कोटी वर्षांपूर्वी भाजून तयार होता. तुमच्या घराखालीही काहीशे मीटरवर तो असणार. दीड-दोन तासांची गाडी नको, नुसतं सरळ खाली जायचंय.

गारगोटी_गोळा | १० जुलै, सकाळी ८:००

ताईंशी थोडं भांडतो. बेसाल्ट अजिबात बदललाच नाही, हे मला मान्य नाही. मी खनिजं गोळा करतो. वाघोलीच्या खाणींतून, नाशिक-जळगावकडून आलेले स्टिल्बाइट, अपोफिलाइट, ह्यूलँडाइट घरात कपाटभर आहेत. बेसाल्टच्या पोकळ्यांत गरम पाणी फिरून ते वाढले. म्हणजे मूळ माल बदलला, उष्णता होती, पाणी होतं. रूपांतरणाच्या सगळ्यात खालच्या पायरीचं नावच झिओलाइटवरून, म्हणजे स्टिल्बाइट-ह्यूलँडाइटच्या कुळावरून ठेवलंय ना? मग ही पहिली पायरी नाही तर काय?

हातोडी_भिंग | १० जुलै, सकाळी १०:२५

मुद्दा खरा. पायरी आहे. पूर्व आइसलँडच्या बेसाल्टमधे वॉकर या भूशास्त्रज्ञाने १९६० साली झिओलाइटचे पट्टे खोलीप्रमाणे बदलत जातात असं दाखवलं, आणि ते गाडलं जाण्यातून झालेलं रूपांतरण धरतात. आपल्याकडच्या झिओलाइटला बहुतेक जण गरम पाण्याने झालेला फेरफार म्हणून सोडून देतात, कारण आजूबाजूचा बेसाल्ट बराचसा जसाच्या तसा. मी स्वतः त्याला रूपांतरित खडक म्हणणार नाही. भिंतीला नवा रंग दिला म्हणून घर नवीन होत नाही.

गारगोटी_गोळा | १० जुलै, सकाळी १०:४०

आमच्या सोसायटीत तेवढ्यावर भाडं वाढवतात. माझं मत कायम.

बंगळूरी_मराठा | १० जुलै, दुपारी १२:३०

अवनीताई, कधी बंगळूरला आलात तर लालबागेतला मोठा कातळ दाखवा. द्वीपकल्पीय नीस, सुमारे तीनशे कोटी वर्षांचा, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक. वर केंपेगौडाचा मनोरा. मी आधी पाच वर्षं त्यावर बसून शेंगदाणे खाल्ले, मग पाटी वाचली.

अवांतर: नावांचा विषय निघालाच आहे तर चार्नोकाइट. कलकत्त्याशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या जॉब चार्नॉकच्या थडग्यावरचा दगड बघून हॉलंड या भूशास्त्रज्ञाने त्या खडकाला चार्नॉकचं नाव दिलं. आणि तो दगड मद्रासकडून नेलेला.

मानसरचा_पोर | १० जुलै, दुपारी १२:४४

त्याला थडगं, आम्हाला गोट्या. तरी नाव गोंडांचं जास्त गोड.

फरशीवाला | १० जुलै, दुपारी २:१०

मला एक सांगा हातोडीताई. आम्ही 'ग्रॅनाईट' म्हणून विकतो त्यात काहींना नागमोडी पट्टे असतात. पॅराडिसो म्हणून एक येतो, जांभळट-करडा, लाटा लाटा. काश्मीर व्हाइट म्हणून एक, त्यात बारीक तांबडे दाणे. गिऱ्हाईक विचारतं हे गंजाचे डाग आहेत का. आणि काश्मीर व्हाइट काश्मीरचा नाही, तमिळनाडूचा, हे सांगितलं की दर पाडून मागतं. हे खरे ग्रॅनाईट आहेत का?

हातोडी_भिंग | १० जुलै, दुपारी ३:३०

नाहीत! आणि अवनीचा तिसरा प्रश्न इथेच सुटतो, मला आधी सुचायला हवं होतं. बाजारात कडक आणि पॉलिश घेणारं सगळं ग्रॅनाईट. काश्मीर व्हाइट खोल भट्टीतला रूपांतरित खडक, तांबडे दाणे म्हणजे गार्नेट. गिऱ्हाइकाला सांगा, गंज नाही, राहूचे भाऊबंद आहेत.

पॅराडिसो त्याहून मजेदार. तो मिग्मटाइट. नीस तापत तापत हद्दीवर पोचला आणि थोडा थोडा वितळायला लागला. फिकट भाग आधी पाझरला, गडद भाग घट्ट राहिला, आणि रेट्याखाली दोन्ही मळले गेले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या अंगावर लिहिलंय: कधीकधी वितळतोही, पण अर्धवट. अर्धा रूपांतरित, अर्धा अग्निज. परीक्षेत कुठल्या रकान्यात लिहायचा ते मास्तर सांगतील.

खडूस_मास्तर | १० जुलै, दुपारी ३:४१

येणार नाही परीक्षेत.

घाटवाटा | १० जुलै, संध्याकाळी ५:००

मग 'ग्रीन मार्बल' तरी मार्बल आहे का?

फरशीवाला | १० जुलै, संध्याकाळी ५:२०

राजस्थानचा हिरवा विचारताय ना? तो सर्पेंटाइन नावाच्या हिरव्या खनिजाचा. एकाने सांगितल्यावर मी लिंबू टाकून बघितलं होतं, पांढऱ्या मार्बलसारखा फसफसला नाही. पण पाटीवर मार्बलच लिहितो. सर्पेंटाइन लिहिलं तर गिऱ्हाईक नागपंचमीला येईल.

अवनी_कोथरूड | ११ जुलै, रात्री ९:०५

अहवाल सादर.

ताईंचा प्रतिसाद वाचून तो काल रात्रीच भिंग घेऊन खाली पळाला. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टच्या चौकटीला जो दगड लावलाय त्यावर लाटा आहेत! पाच वर्षं रोज त्याला टेकून लिफ्टची वाट बघतोय. फिकट पट्टा कुठे संपतो, काळा कुठे सुरू होतो, हे तो बोटाने गिरवत होता. तेवढ्यात वॉचमनकाका आले, "काय शोधताय, झुरळ का?" त्यांना उभं करून सगळं समजावलं. ते मूळचे गोंदियाकडचे, म्हणाले, "आमच्या गावाकडं असे लई पडलेत." मानसरचा पोर, तुमची बाजू भक्कम झाली.

दुसरा प्रयोग मात्र फसला. देवघराच्या संगमरवरावर लिंबू टाकून बघितलं. बुडबुडे आले, चुना सिद्ध झाला, पॉलिश गेलं. सासूबाई कालपासून माझ्याशी बेताचं बोलतायत.

फरशीवाला | ११ जुलै, रात्री ९:२०

ताई, पॉलिशचा माणूस पाठवतो, छोटं काम आहे. आणि रविवारी पोराला दुकानावर आणा. मागे कटिंगचे तुकडे पडलेत, पॅराडिसो, काश्मीर व्हाइट, मकराना, कोटा, हवे तेवढे न्या. लिंबू आणू नका.

मानसरचा_पोर | ११ जुलै, रात्री ९:३१

आणि दिवाळीच्या सुट्टीत मानसर. कायनाइटचा एक तुकडा बाजूला काढून ठेवतो. गोट्या तुमच्याकडून.